वाहनगणना: पहिल्यांदाच रस्त्याकडेला बसणाऱ्यांसाठी

पहिली वाहनगणना अंगावर आली की बहुतेक जण सगळ्यात आधी तक्ते छापायला टाकतात. मीही तेच केलं होतं. नमुना कुणाच्या तरी जुन्या अहवालातून उचललेला, रकाने चौदा. त्यातले चार रकाने सातही दिवस कोरे राहिले, आणि जे मोजायला हवं होतं त्याला रकानाच नव्हता. म्हणून छपाई राहू द्या. काम देणाऱ्या साहेबांना किंवा सल्लागाराला आधी एवढंच विचारा: हा आकडा कशासाठी लागतोय?

कारण रस्ता तोच, वाहनं तीच, पण प्रत्येक कामाला त्यातलं वेगळं काही तरी लागतं. खडी-डांबराच्या थरांची जाडी ठरवायची असेल तर मोटारसायकली आणि कार यांचा उपयोग जवळपास शून्य. तिथं एकूण वजन ३ टन किंवा त्याहून जास्त असलेली व्यापारी वाहनं मोजायची, त्यांच्या ॲक्सलसकट, म्हणजे चाकांच्या आसांसकट. रस्ता रुंद करायचा की नाही हे बघायचं असेल तर सायकलीपासून ट्रेलरपर्यंत सगळं लागतं. चौकात सिग्नल बसवायचा असेल तर दिवसाची बेरीज कुणी विचारत नाही. गर्दीच्या तासात कोणत्या हातानं आलेलं वाहन कोणत्या हाताला वळलं, हे पंधरा-पंधरा मिनिटांनी हवं असतं. चार रस्त्यांच्या चौकात सरळ, डावं आणि उजवं मिळून असे बारा प्रवाह होतात, म्हणजे माणसंही त्या हिशेबानं. गावाबाहेरून वळणरस्ता काढायचा असेल तर नुसती मोजणी अपुरी. गाडी कुठून आली, कुठं चालली हे थांबवून विचारावं लागतं, आणि त्यासाठी सोबत पोलीस लागतो. रेल्वे फाटकावर तर हिशेबच निराळा. दिवसातली वाहनं गुणिले दिवसातल्या रेल्वेगाड्या असा गुणाकार करतात, आणि तो एक लाखावर गेला की उड्डाणपुलाची चर्चा सुरू होते.

इथून पुढं मी धरून चालतो की काम गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्याचं आहे, कारण नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा तेच येतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) अशा रस्त्यांवरच्या वाहनगणनेची पुस्तिका आयआरसी:९, सन १९७२ ची. पातळ आहे, एका बैठकीत वाचून होते. वाचून मगच रस्त्यावर जा.

जागा

रस्त्याचे आधी टप्पे पाडायचे. एका मोठ्या फाट्यापासून पुढच्या मोठ्या फाट्यापर्यंत वर्दळ साधारण सारखी असते, तो एक टप्पा. प्रत्येक टप्प्याला एक गणना केंद्र. नकाशावर हे दहा मिनिटांत होतं आणि तिथंच लोक फसतात, कारण नकाशात मोठा फाटा कोणता ते दिसतं, पण वाहनं कुठं वळतात ते दिसत नाही.

माझी एक चूक सांगतो. ऊसपट्ट्यातला राज्यमार्ग होता. मी केंद्र निवडलं ते एका हॉटेलासमोर. सावली, दिवा, पाणी, सगळी सोय. मोजणी गाळप हंगामात, मुद्दाम. तिसऱ्या दिवशी तक्ते चाळताना लक्षात आलं की चोवीस तासांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या जेमतेम मूठभर. भर हंगामात! संध्याकाळी मोटारसायकल काढली आणि पुढं गेलो, तर अर्ध्या किलोमीटरवर एक बारका डांबरी फाटा, आणि उसाच्या गाड्यांची रांग तिथूनच आत कारखान्याकडं वळत होती. माझ्या केंद्रापर्यंत त्या पोचतच नव्हत्या. म्हणजे ज्या दहा किलोमीटरवर त्या रोज चालत होत्या, त्या दहा किलोमीटरची जाडी मी त्यांना वगळून ठरवायला निघालो होतो. तीन दिवसांचे तक्ते बाजूला ठेवले, केंद्र फाट्याच्या पलीकडं नेलं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. रोजंदारीचा भुर्दंड बसला तो बसलाच.

तेव्हापासून माझा नियम: जागा ठरवायच्या आधी पूर्ण टप्पा एकदा सकाळी आणि एकदा दिवस मावळताना दुचाकीवरून पालथा घालायचा, आणि प्रत्येक फाट्यावरच्या टपरीवर चहा प्यायचा. टपरीवाल्याला सगळं माहीत असतं. खडीच्या खाणीतले डंपर कुठून निघतात, दूध संघाचा टँकर किती वाजता जातो, पुलाचं काम चालू असल्यामुळं कोणता रस्ता सध्या इकडं वळवलाय, हे कुठल्याच नकाशात मिळत नाही.

बाकी जागेची पथ्यं साधी. पेट्रोल पंप, एसटी थांबा, ढाबा, वजनकाटा यांच्यापासून लांब बसा. तिथं वाहनं थांबतात, मागं-पुढं होतात, एकच गाडी दोनदा मोजली जाते. वळणावर किंवा चढावर बसू नका. दोन्ही बाजूंना निदान शे-दोनशे मीटर स्वच्छ दिसलं पाहिजे. रात्री उजेड हवा, नाही तर ट्रकचे ॲक्सल दिसत नाहीत, नुसते हेडलाइट दिसतात. आणि जागा साखळी क्रमांकानं, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानं लिहा, 'कि.मी. १२/४००' असं. 'शिंद्यांच्या मळ्याजवळ' असं लिहिलं तर पुढच्या वर्षी तो मळा कुणालाच सापडत नाही.

दिवस

आयआरसी:९ प्रमाणे सलग सात दिवस, चोवीस तास, आणि वर्षातून दोनदा: एकदा सुगीत, शेतमाल बाजारात निघतो तेव्हा, आणि एकदा मंदीच्या काळात. सात दिवस का, याचं उत्तर आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी ज्या रस्त्यावर वडापच्या जीपा आणि टेम्पो मावत नाहीत, तो दुसऱ्या दिवशी ओस असतो. तीन दिवसांची मोजणी करून त्यात बाजार आला तर आकडा फुगतो, नाही आला तर आटतो. सात दिवसांत बाजार एकदाच येतो आणि त्याच्या योग्य वजनानं येतो.

पण काही दिवस मुळातच टाळायचे. आषाढीच्या आधी आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांवर वाहतूक वळवलेली असते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर जे दिसतं ते वर्षाच्या सरासरीचं चित्र नव्हे. गावची जत्रा, निवडणूक, बंद, संप, जवळचा पूल दुरुस्तीला काढलेला, यातलं काही आड आलं तर मोजणी चार दिवस पुढं ढकला. ठेकेदार घाई करील, करू द्या. अपवाद एकच: तुम्हाला मुद्दाम त्याच गर्दीचा अभ्यास करायचा असेल तर.

ऊसपट्ट्यात 'सुगी' म्हणजे गाळप हंगाम, साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत. कोकणात आंबा, नाशिककडं कांदा आणि द्राक्ष. आपल्या रस्त्याची सुगी कोणती हे बाजार समितीत विचारून घ्या.

तक्ता आणि वाहनांचे प्रकार

आता तक्ता. एका पानावर एक तास, एक दिशा. आत पंधरा मिनिटांचे चार पट्टे. दिशेला 'अप' आणि 'डाऊन' म्हणू नका. पाळी बदलली की नवा माणूस हमखास उलटं धरतो. सरळ 'राधानगरीकडे' आणि 'कोल्हापूरकडे' असं छापा. वरच्या कोपऱ्यात तारीख, वार, हवामान, मोजणाऱ्याचं नाव, सही. हवामानाचा रकाना निरर्थक वाटतो, पण पुढं एखाद्या दुपारी दुचाकी निम्म्या का झाल्या, याचं उत्तर तिथल्या 'वळीव पाऊस, ३ ते ४' या चार शब्दांत मिळतं.

प्रकार ठरवताना पुस्तकातली नावं जशीच्या तशी देऊ नका. 'हलकं व्यापारी वाहन' म्हटलं की मोजणीला बसलेल्या पोराला काही बोध होत नाही. 'छोटा हत्ती, पिकअप, ४०७' म्हटलं की होतो. ट्रकांना चाकांवरून ओळखायची सवय सगळ्यांनाच असते: सहाचाकी म्हणजे दोन ॲक्सल, दहाचाकी म्हणजे तीन, बारा किंवा चौदाचाकी म्हणजे चार, त्यापुढचे ट्रेलर. तक्त्यावर तीच भाषा ठेवा आणि कार्यालयात ॲक्सलमध्ये बदला. रिकामा ट्रक कधी कधी एक ॲक्सल वर उचलून चालतो. त्याला त्याच्या पूर्ण ॲक्सलनं मोजायचं आणि शेऱ्यात लिहायचं, हे आधीच सांगून ठेवा.

मग येतात वांधे घालणारी वाहनं. प्रवासी भरलेला पिकअप कशात धरायचा? सहा आसनी रिक्षा? नुसतं ट्रॅक्टरचं मुंडकं, ट्रॉलीविना? एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या? रुग्णवाहिका? उत्तरं आपापल्या कामाप्रमाणं वेगळी असू शकतात. माझं म्हणणं एवढंच की ती आदल्या दिवशी ठरली पाहिजेत. मोबाइलवर वीस-पंचवीस वाहनांचे फोटो काढा, प्रत्येकाखाली रकान्याचा क्रमांक लिहा, एका पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो पुठ्ठा केंद्रावर टांगा. सकाळच्या पाळीतला माणूस वडापला जीप म्हणतोय आणि रात्रीचा मिनीबस, असं झालं तर सात दिवसांनंतर ते निस्तरता येत नाही.

माणसं

आठ तासांच्या तीन पाळ्या: सकाळी ६ ते दुपारी २, २ ते रात्री १०, १० ते ६. वर्दळ बेताची असेल तर दर दिशेला एक माणूस पुरतो. तासाला तीन-चारशेच्या पुढं गेली तर दोन लावा. एकानं दुचाकी आणि कार धरायच्या, दुसऱ्यानं बाकी सगळं. दुचाकींसाठी हातात मावणारं टिचकीचं यंत्र द्या, रेघा ओढत बसला तर ट्रक निसटतो. बाकीच्यांसाठी तीच शाळेतली पद्धत: चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावरून आडवी. शाईचं पेन नको. दंवात आणि पावसात पान धुऊन निघतं. शिसपेन्सिल, आणि ती दोऱ्यानं पॅडला बांधलेली.

प्रत्येक दिशेला पाळीमागे एक जास्तीचा माणूस ठेवा, हे हिशेबात सुरुवातीलाच धरा. जेवण, लघवी, चहा यासाठी माणूस उठतोच. त्या दहा मिनिटांत तो परत येऊन काय करतो ठाऊक आहे? अंदाजानं रेघा ओढतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बदली दिली नाही ही चूक आपली.

परावर्तक जाकीट, टॉर्च, छत्री, खुर्ची, पाण्याचा कॅन. बसायची जागा डांबराच्या कडेपासून चांगली लांब, आणि येणाऱ्या वाहनाकडं तोंड करून. जवळच्या पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घ्या आणि तिची झेरॉक्स केंद्रावर ठेवा, कारण रात्री दोन वाजता रस्त्याकडेला खुर्ची टाकून गाड्या मोजणारा माणूस गस्तीच्या गाडीला संशयास्पदच वाटतो.

गावातली मंडळीही येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "रस्ता रुंद होणार काय? आमची जमीन जाणार काय?" मोजणाऱ्या पोरांनी यावर मत द्यायचं नाही, हे त्यांना बजावा. "फक्त गाड्या मोजायला बसवलंय, साहेबांचा नंबर हा घ्या," एवढंच. एका केंद्रावर माझ्या माणसानं उत्साहात "चौपदरी होतोय" असं सांगून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथं वीस शेतकऱ्यांसमोर उभं राहावं लागलं.

खोटे तक्ते

यावर कुणी पुस्तकात लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. रात्री एक ते चार हा काळ कुठल्याही मोजणीत सगळ्यात कच्चा. माणूस झोपतो आणि पहाटे उठून तीन तासांची पानं एका बैठकीत भरतो. अशी पानं ओळखता येतात. रेघा एकाच दाबाच्या, एकाच तिरकेपणाच्या असतात. चारही पंधरा मिनिटं जवळपास सारखी असतात, आणि खरी रात्र तशी कधीच नसते. दहा मिनिटं शुकशुकाट आणि मग एकामागं एक सात ट्रक, असं तिचं चालतं. पान कोरं करकरीत असतं, त्यावर चहाचा डाग नाही, किडा चिरडलेला नाही.

पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. माझा आवडता पडताळा एसटीचा आहे. जवळच्या स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाकडं जा, त्या मार्गावरून दिवसात किती फेऱ्या जातात ते वेळांसकट उतरून घ्या, इतर आगारांच्या गाड्याही विचारून घ्या. मग तक्त्यातल्या एसटी त्याच्याशी ताडा. मुक्कामी गाडी पहाटे सव्वापाचला सुटते आणि तुमच्या पाच ते सहाच्या पानावर एकही बस नाही? मग त्या पानावरचे ट्रकही खरे नाहीत. दोन-चार फेऱ्या रद्द होतात, तेवढा फरक धरायचा.

दुसरा पडताळा दोन दिशांचा. गेलेला ट्रक बहुधा परत येतो; सात दिवसांची बेरीज दोन्हीकडं फार वेगळी आली तर कारण शोधा. एका दिशेला टोल चुकवणारा आडरस्ता असू शकतो, किंवा एका दिशेचा माणूस झोपाळू असू शकतो. तिसरा पडताळा तुमचा स्वतःचा: न सांगता जा, थोडं लांब थांबा, पंधरा मिनिटं स्वतः मोजा, आणि मग केंद्रावर जाऊन तेवढाच पट्टा बघा. पहिल्या रात्री नक्की जा. पहिल्या रात्री साहेब आले होते ही बातमी उरलेल्या सहा रात्री काम करते.

जवळ टोलनाका असेल तर त्याची आकडेवारी मागून बघा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यानं ती आता बरीच नेटकी मिळते. पण तिच्यात दुचाकी आणि ट्रॅक्टर सहसा नसतात, म्हणून पडताळ्यापुरती ठीक, मोजणीच्या जागी नाही.

यंत्रं

"कॅमेरा लावून टाकू" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. लावावा, मी विरोधात नाही. पण प्रत्येक यंत्राला आपली खोड असते. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्या चाकांचा दाब मोजतात, म्हणजे त्या वाहनं नव्हे, ॲक्सल मोजतात. ठरावीक अंतरावर दोन टाकल्या तर वेग आणि दिशाही कळते. दोन मोटारसायकली एकामागं एक गेल्या की त्यांची कार होते. डांबरात पुरलेली तारेची वेटोळी धातूमुळं होणारा बदल टिपतात आणि लेनच्या शिस्तीवर अवलंबून असतात. आपल्याकडं वाहन दोन वेटोळ्यांच्या मधून जातं आणि लाकडी बैलगाडी त्यांना जाणवतच नाही, असंही घडतं.

कॅमेऱ्याची खोड म्हणजे आडोसा. ट्रकच्या पलीकडून जाणारी दुचाकी त्याला दिसत नाही. म्हणून तो जमेल तितका उंच, खांबावर, सूर्य थेट भिंगात येणार नाही अशा बाजूला. घड्याळ आधी जुळवा. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक निघाला की चौकाचा सगळा हिशेब कोलमडतो. विक्रेता एकूण अचूकतेचा आकडा सांगेल. तो ऐकून घ्या आणि चित्रणातला एक दिवसाचा आणि एक रात्रीचा तास स्वतः डोळ्यांनी मोजून प्रकारवार ताडा. एकूण बेरीज जुळते आणि ट्रॉल्या ट्रकमध्ये गेलेल्या असतात, हे मी पाहिलंय. चित्रणाचा खरा फायदा वेगळा आहे: शंका आली तर परत बघता येतं. कागदावरची रेघ परत बघता येत नाही.

माणसं नाहीत, यंत्र नाही, आणि नुसता अंदाज हवा असेल तर चालत्या गाडीतून मोजायची युक्ती आहे. वॉर्डरॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी ती १९५४ मध्ये मांडली. एका टप्प्यातून एकदा प्रवाहाविरुद्ध जायचं आणि समोरून आलेली वाहनं मोजायची. मग प्रवाहाबरोबर यायचं आणि आपल्याला ओलांडून गेलेल्यांतून आपण ओलांडलेली वजा करायची. दोन्ही आकड्यांच्या बेरजेला दोन्ही फेऱ्यांच्या वेळेच्या बेरजेनं भागायचं. समजा विरुद्ध फेरीत १२० आली, बरोबरच्या फेरीत निव्वळ १५, आणि प्रत्येक फेरी ६ मिनिटांची. १३५ भागिले १२ म्हणजे मिनिटाला ११.२५, तासाला ६७५. एका फेरीवर भरवसा ठेवू नका, निदान सहा करा.

कार्यालयात

तक्ते आले. आधी साधी बेरीज, प्रकारवार, तासवार. सात दिवसांची बेरीज भागिले सात म्हणजे सरासरी दैनिक वाहतूक. ही त्या आठवड्याची सरासरी झाली, वर्षाची नव्हे. वर्षावर नेण्यासाठी हंगामाचा गुणक लागतो आणि तो बहुतेक वेळा पेट्रोल पंपांकडून मिळतो. त्या रस्त्यावरच्या दोन-तीन पंपांची बारा महिन्यांची विक्री मागा, पेट्रोल वेगळं, डिझेल वेगळं. महिन्याच्या एकूण विक्रीची तुलना करू नका, फेब्रुवारी २८ दिवसांचा असतो. दर दिवसाची विक्री काढा. समजा डिझेलची वर्षाची सरासरी रोज ९,००० लिटर आणि मोजणीच्या महिन्यात रोज १०,००० लिटर, तर डिझेलवर चालणाऱ्या वाहनांना ०.९० नं गुणायचं. सीमाभागात जपून: पलीकडच्या राज्यात डिझेल स्वस्त असेल तर ट्रकवाले तिकडं टाकी भरून येतात आणि पंपाची विक्री वाहतुकीबद्दल काहीच सांगत नाही.

रुंदीच्या प्रश्नासाठी सगळी वाहनं एका मापात आणावी लागतात. त्या मापाला पीसीयू म्हणतात, कार म्हणजे १. ग्रामीण रस्त्यांसाठी आयआरसी:६४ (१९९०) मध्ये दुचाकी ०.५, कार आणि रिक्षा १, हलकी व्यापारी वाहनं १.५, ट्रक आणि बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, बैलगाडी ८ असे गुणक आहेत. एका तासाचं उदाहरण घेऊ: दुचाकी २४०, कार-रिक्षा १५०, छोटा हत्ती वगैरे ३०, ट्रक-बस ४०, ट्रॅक्टर-ट्रॉली २०, बैलगाड्या ५. वाहनं झाली ४८५. पीसीयू: १२० + १५० + ४५ + १२० + ९० + ४० = ५६५. ट्रॉल्या आणि बैलगाड्या वाहनांच्या संख्येत पाच टक्के, पण पीसीयूत २३ टक्के. उसाच्या गाडीमागं अडकलेल्या कुणालाही हे पटेल. सपाट प्रदेशातल्या, फारशी वळणं नसलेल्या दुपदरी रस्त्याची त्याच पुस्तिकेतली मर्यादा दिवसाला १५,००० पीसीयू आहे. तुमचा आकडा तिच्याशी ताडायचा.

शहरात हे गुणक वापरू नका. तिथं आयआरसी:१०६ (१९९०), आणि त्यात गुणक वाहनांच्या प्रमाणावर बदलतो. दुचाकी एकूण वर्दळीच्या ५ टक्के असतील तर ०.५, पण १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५. आपल्या कुठल्या शहरात दुचाकी दहा टक्क्यांच्या आत आहेत? तरी अहवालांत ०.५ सर्रास सापडतो. नव्या पद्धतीनं काम असेल तर २०१७ चं इंडो-एचसीएम, म्हणजे रस्त्यांच्या क्षमतेची भारतीय पुस्तिका, बघा. कोणतंही वापरा, पण एका अहवालात एकच, आणि कोणतं ते लिहून.

गर्दीच्या तासासाठी आणखी एक आकडा. समजा त्या तासाची चार पंधरा मिनिटं ११०, १३०, १६५ आणि १२० अशी गेली. बेरीज ५२५. सगळ्यात जड पंधरा मिनिटं १६५, ती तासभर टिकली असती तर ६६०. ५२५ भागिले ६६० म्हणजे ०.८०. हा गुणांक जितका कमी, तितका तासात एकदम लोंढा येतो. शाळा सुटते किंवा कारखान्याची पाळी बदलते, असं काही तरी तिथं असतं.

आणि आता जाडी, जिथं चूक सगळ्यात महाग पडते. आयआरसी:३७ प्रमाणे रस्त्याच्या आयुष्यात किती मानक ॲक्सल जाणार ते काढतात. एक मानक ॲक्सल म्हणजे ८० किलोन्यूटन. वजन वाढलं की नुकसान साधारण चौथ्या घातानं वाढतं, म्हणजे २० टक्के जास्त भरलेला ॲक्सल रस्त्याला दुप्पट झिजवतो. समजा रस्ता खुला होईल त्या वर्षी दोन्ही दिशा मिळून दिवसाला ६०० व्यापारी वाहनं, वाढ ५ टक्के, आयुष्य १५ वर्षं, दुपदरी म्हणून निम्मी, आणि नुकसान गुणक, म्हणजे एक व्यापारी वाहन सरासरी किती मानक ॲक्सलइतकं नुकसान करतं तो आकडा, ३.९. उत्तर येतं सुमारे ९२ लाख ॲक्सल. झोपलेल्या माणसानं रोजचे शंभर ट्रक खाल्ले आणि तुम्ही ५०० धरले, तर तेच ७७ लाख होतात. नुकसान गुणकाचा ३.९ हा आकडा पुस्तिकेतला, वजन न करता वापरायचा आहे. खाण किंवा साखर कारखाना असलेल्या रस्त्यावर तो वापरू नका, वजनाच्या पाट्या मागवून ट्रक प्रत्यक्ष तोला.

सातव्या दिवशी

शेवटची पाळी उठायच्या आधी तीन कामं उरकून घ्या. केंद्रावरून दोन्ही दिशांना तोंड करून फोटो काढा. मूळ तक्ते दिवसवार गठ्ठे बांधून, पानांवर क्रमांक टाकून ताब्यात घ्या. एक्सेलमध्ये भरले म्हणून ते रद्दीत टाकायचे नाहीत, हरकत निघाली की पहिल्यांदा तेच मागतात. आणि जवळच्या किलोमीटर दगडाच्या किंवा मोरीच्या कठड्याच्या मागच्या बाजूला पिवळ्या रंगानं एक बाण काढून महिना आणि वर्ष लिहा. सहा महिन्यांनी मंदीच्या मोजणीला येणारी पोरं दुसरी असतील, टपरी हललेली असेल. बाण सापडला की खुर्ची तिथंच टाकायची.